दहा महिने थेट मळ्यावरची कॉफी

गेल्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या चिकमगळूरहून ५० किलोचं पोतं कोथरूडला आमच्या सोसायटीत उतरलं. आत अरेबिका कॉफीचे हिरवट कच्चे दाणे. नऊ घरांनी मिळून मळेवाल्यांकडून थेट घेतलेले, मध्ये व्यापारी नाही. परवा पोत्याचा तळ दिसला, म्हणून लिहायला बसले.

अरेबिकातली ही जात एस ७९५. दर महिन्याला पुण्यातल्याच एका छोट्या भट्टीवर मध्यम भाजून आणतो. भाजताना वजन साधारण १५ टक्के घटतं, घराला महिन्याला अर्ध्या किलोला थोडी कमी मिळते. भाजल्या दिवशी दळायची घाई करू नका, चार-पाच दिवस थांबा. मग फिल्टरचं झाकण उघडलं की गुळासारखा वास येतो, आणि घोट घशाखाली गेल्यावर जिभेवर किंचित आंबटपणा रेंगाळतो. वीस वर्षं मी चिकोरी, म्हणजे एका भाजलेल्या मुळाची पूड, घातलेली पावडर प्यायले. बिनदुधाची कॉफी मला आवडेल असं कधी वाटलं नव्हतं, आता सकाळची तशीच पिते.

खरी कसोटी लागली ती दरावरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाव ठरवून निम्मे पैसे पाठवले, तेव्हा आम्ही दहा घरं होतो. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली आणि चिकमगळूरचे व्यापारी मळ्यावर येऊन जास्त भाव सांगू लागले. मळेवाल्यांनी फोन करून हे सांगितलं, आणि तरी ठरल्या भावातच पाठवतो म्हणाले. त्या रात्री आमच्या हॉलमध्ये सगळे जमलो. किलोभर कच्च्या दाण्याला पाच-सहा किलो फळं लागतात. तीही लाल झालेली तेवढीच, हाताने तोडायची, म्हणून त्याच झाडाकडे तीन-तीनदा जावं लागतं. तोडणीच्या मजुरीच्या वहीचा फोटो त्यांनी आधीच पाठवला होता. तो सगळ्यांनी पुन्हा पाहिला आणि आम्ही किलोमागे ६० रुपये वाढवले. एका घराला ते पटलं नाही, ते बाहेर पडलं. मला मात्र आजही वाटतं, भाव चढल्यावर आपण जुना आकडा धरून बसणार असू, तर त्याला थेट व्यवहार म्हणू नये.

जुलैत चूक आमच्याकडून झाली. पोतं गॅलरीत, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. भट्टीवाल्यांनी ओलावा मोजला तर १४ टक्के, खरं तर ११-१२ हवा. मंगळूरकडे पावसाळी वाऱ्यात मुद्दाम दाणे फुगवून मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी करतात, पण ते जाणत्या हातांचं काम. आमच्या दोन महिन्यांच्या कॉफीला गोणपाटाची चव आली. मळेवाल्यांना कळवलं, तर त्यांनी आधी पोतं कुठे ठेवलंय ते विचारलं आणि आपल्या गोदामाचा फोटो पाठवला: लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचलेली पोती.

रोज एकसारखी चव हवी असेल, तर दुकानातलं पाकीटच बरं. यंदाचे निम्मे पैसे नोव्हेंबरात गेले आहेत. दाणे ठेवायला घट्ट झाकणाचे चार डबे आणलेत, ते गॅलरीत नाहीत, आतल्या खोलीत फळीवर आहेत.