चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी फसलो

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जायचं होतं, म्हणून घडीचा चाकू शोधत होतो. डोक्यात स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचाच होता, लाल मुठीचा, ढालीवर क्रॉस असलेला. कोल्हापुरातल्याच एका दुकानात (नाव लिहीत नाही) तसाच दिसणारा मिळाला. "ओरिजिनल आहे, तुमच्यासाठी बाराशे." भाव फारच कमी वाटला, म्हणून मी घुटमळलो. तेव्हा त्यानं ड्रॉवरमधून स्पीकरचं काळं चुंबक काढून पात्याला लावलं. चिकटलं नाही, काउंटरवर पडलं. "बघा, प्युअर स्टेनलेस!" भांडी घेताना आमची आईही हेच करते. मला लगेच पटलं, आणि तिथंच माती खाल्ली.

मोहिमेत ताडपत्री बांधायला नायलॉनची दोरी कापली, तर चौथ्या तुकड्याला धार मुडपली. नखावरनं फिरवली की एका बाजूला कंगोरा लागायचा. दगडावर घासून पुन्हा लावली, अर्ध्या तासात परत तेच. बरोबरच्याकडं ओपिनेल ह्या फ्रेंच कंपनीचा लाकडी मुठीचा आठ नंबर चाकू होता, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. पावसानं लाकडी मूठ फुगून पातं उघडेना, कार्बन स्टीलवर तांबूस डागही आलेले. आम्ही त्याला लई चिडवलं. पण दोरी, काकडी, बांबूची काठी, सगळं त्यानंच कापलं.

परत आल्यावर चाकू उद्यमनगरात हीट ट्रीटमेंट करणाऱ्या मित्राला दाखवला. त्यानंही आधी चुंबकच लावलं आणि हसायला लागला. "अरे, हे ताटवाटीचं स्टील. ह्याला पाणी चढतच नाही." पाणी चढणं म्हणजे तापवून विझवल्यावर स्टील कडक होणं.

भांड्यांच्या ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळं ते चुंबकाला दाद देत नाही, आणि तापवून विझवलं तरी कडक होत नाही. चाकूचं स्टेनलेस वेगळं. त्यात कार्बन लागतो, ते पाणी दिल्यावर कडक होतं आणि चुंबक त्याला घट्ट धरतं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५६ च्या आसपास असतं. आमच्या पात्यानं मशीनवर विशीही गाठली नाही. म्हणजे दुकानदारानं नकलीपणाचा पुरावाच मला असलीपणाचा म्हणून दाखवला होता! चुंबक चिकटलं म्हणजे माल अस्सल, असंही नाही. नकली पातंही कडक स्टीलचं असू शकतं. पण चिकटलंच नाही तर विषय संपला.

अस्सल व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि 'स्विस मेड' कोरलेलं असतं. माझ्यावर नुसतं 'स्टेनलेस' होतं, तेही तिरकं. पातं अर्धं मिटून हलवलं तर लटलट करत होतं. हे दुकानात दोन मिनिटांत दिसलं असतं. आता घ्यायचा झाला तर मी ओपिनेलच घेईन, पण स्टेनलेसचा. पातं पातळ, कापायला सरस, आणि १९५५ पासून असलेली ती फिरवायची कडी पातं बोटावर मिटू देत नाही. व्हिक्टोरिनॉक्समध्ये कात्री, करवत, ओपनर मिळतात. ती लागत असतील तर जादा पैसे वसूल, नुसतं कापायचं असेल तर नाहीत.

दुकानात परत गेलो. बिल नव्हतं, कारण "बिल घेतलं तर जीएसटी वर पडेल" म्हटल्यावर मीच नको म्हणालो होतो. मी बोलत असतानाच त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ड्रॉवर उघडला आणि तेच काळं चुंबक बाहेर काढलं.