लाल पाकिटातले अठ्ठावीस दिवस

कुष्ठरोगावरच्या बहुविध औषधोपचाराचे, म्हणजे एमडीटीचे, प्रौढांसाठीचे लाल पाकीट माझ्या वडिलांनी बारा वेळा संपवले, आणि त्यातल्या गोळ्या रोज काढून देण्याचे काम माझ्याकडे होते. हे पाकीट औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते सरकारी दवाखान्यातून मोफत दिले जाते आणि घेणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो, त्यामुळे त्याच्या गुणदोषांविषयी कुणी काही लिहीत नाही. परंतु ज्या वस्तूवर एखाद्या माणसाच्या हातापायांचे भवितव्य वर्षभर अवलंबून असते, ती वस्तू वापरणाऱ्याने पारखून घ्यायलाच हवी, या भावनेने मी हे लिहीत आहे.

पाकीट म्हणजे तळहातापेक्षा थोडे मोठे असे गोळ्यांचे एकच पान असते. पहिल्या दिवसासाठी त्यात रिफाम्पिसिनच्या तीनशे मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, क्लोफाझिमिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल आणि डॅप्सोनची शंभर मिलिग्रॅमची एक गोळी असते. ही मात्रा घरी घ्यायची नसते; ती आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायची असते. दुसऱ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत रोज क्लोफाझिमिनची पन्नास मिलिग्रॅमची एक लहान तपकिरी कॅप्सूल आणि डॅप्सोनची एक पांढरी गोळी घरी घ्यायची. असे एकूण साठ नग होतात. सांसर्गिक प्रकारच्या रुग्णाला अशी बारा पाकिटे घ्यावी लागतात आणि ती अठरा महिन्यांच्या आत संपली पाहिजेत, असा नियम आहे. आमच्याकडे ऐन रोवणीच्या दिवसांत बाबांची तारीख नऊ दिवसांनी टळली आणि घरात सगळ्यांचे धाबे दणाणले, तेव्हा या नियमातली सहा महिन्यांची सवड किती विचारपूर्वक ठेवलेली आहे, हे आम्हाला कळले.

महिन्यातून एकदाच मोठी मात्रा आणि बाकीचे दिवस किरकोळ गोळ्या, ही विभागणी मला सुरुवातीला विचित्र वाटली होती. शेजारच्या काकांना क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन असलेल्या गोळ्या रोज घ्याव्या लागत होत्या. मग बाबांना तेच औषध अठ्ठावीस दिवसांतून एकदा कसे पुरेल, असा प्रश्न मी कुष्ठरोग तंत्रज्ञांना विचारला. त्यांनी दिलेले उत्तर या पाकिटाची सारी रचना उलगडून दाखवणारे होते. कुष्ठरोगाचा जंतू आणि क्षयरोगाचा जंतू एकाच कुळातले असले, तरी क्षयाचा जंतू साधारण एका दिवसात दुप्पट होतो आणि कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. रिफाम्पिसिनची एकच मात्रा त्याच्या जिवंत जंतूंपैकी बहुतेक सर्व मारून टाकते, आणि उरलेले जंतू इतक्या संथपणे वाढतात की पुढच्या मात्रेपर्यंत त्यांना डोके वर काढता येत नाही. कुष्ठरुग्णाला क्षयरोगही झालेला असेल, तर मात्र ही महिन्याची मात्रा क्षयासाठी मुळीच पुरेशी नसते आणि त्याला क्षयाचे पूर्ण उपचार स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

हा संथपणा मोजण्यासाठी संशोधकांना किती काळ थांबावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. परंतु तो प्रयोगशाळेतल्या बशीत आजतागायत वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात तो वाढवून दाखवला, आणि तेव्हा कुठे एखादे औषध त्याच्यावर चालते की नाही, हे माणसाबाहेर तपासता येऊ लागले. तोवर डॅप्सोन हेच मुख्य औषध होते आणि त्याची सुटी गोळी रुग्ण वर्षानुवर्षे, काही जण जन्मभर, घेत असत. १९६४ मध्ये मलेशियातील रुग्णांचे जंतू उंदरांवर तपासले गेले, तेव्हा काही जंतू डॅप्सोनला दाद देत नाहीत हे सिद्ध झाले. एकट्या औषधाला जंतू सरावतात, क्षयरोगाने आधीच शिकवलेला हा धडा इथेही लागू पडला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आपल्या वर्धा जिल्ह्यात हे उपचार देशात अगदी सुरुवातीला राबवले गेले, याचा मला अभिमान वाटतो.

त्या तिघांपैकी क्लोफाझिमिनचा प्रवास मला विशेष वाटतो. १९५०च्या दशकात डब्लिनमध्ये ते क्षयरोगासाठी तयार केले गेले, तिथे ते मागे पडले, पुढे नायजेरियात कुष्ठरुग्णांवर ते उपयोगी ठरले, आणि आता बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या उपचारांत त्याला पुन्हा बोलावणे आले आहे. या दोन रोगांवरचे संशोधन एकाच छताखाली का चालते, हे त्या एका तपकिरी कॅप्सूलवरून समजते.

वापराच्या दृष्टीने या पाकिटाला मी भरभरून गुण देते. किती गोळ्या घेतल्या आणि किती राहिल्या, हे न मोजता दिसते. बाबांना फारसे वाचता येत नाही, तरीही रिकाम्या घरांवरून ते स्वतः हिशेब ठेवत असत. मी मार्करने प्रत्येक जोडीखाली तारीख लिहून देत असे, एवढीच भर. महिन्यातून एकदा समोरासमोर मात्रा घेण्याच्या नियमामुळे कर्मचारी दर वेळी बाबांचे तळहात, तळपाय आणि डोळे पाहत, कोपराजवळची नस, म्हणजे मज्जातंतू, दाबून दुखते का ते विचारत. गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या देऊन टाकल्या असत्या, तर ही तपासणी झाली नसती, आणि पुढे जे घडले ते वेळेत कळलेही नसते.

आता उणिवांकडे येते. पहिली उणीव रंगाची. क्लोफाझिमिन हे मुळात रंगद्रव्याच्या जातीचे औषध आहे; त्याने दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बाबांचा चेहरा आणि नडग्या काळपट तांबूस होत गेल्या आणि कातडी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी पडली. लघवी लाल होणे हे रिफाम्पिसिनमुळे होते आणि ते एका-दोन दिवसांत थांबते. त्वचेचा रंग मात्र औषध बंद झाल्यावरही काही महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ टिकतो. या रंगाने शरीराला अपाय होत नसला, तरी गावात तोच चुगली करतो. बाबा चार महिने भजनाला गेले नाहीत, आणि त्यांना रोगाने नव्हे, तर औषधाच्या रंगाने घरात बसवले होते. औषध सोडून देणाऱ्यांपैकी काही जण यामुळेच सोडत असतील, तर मला नवल वाटणार नाही. रंग येणार आहे आणि तो जाणार आहे, ही दोन वाक्ये पहिल्या पाकिटासोबतच मिळायला हवी होती. आम्हाला मिळालेल्या पाकिटांवर मराठीत एकही अक्षर नव्हते.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. पाचव्या पाकिटाच्या वेळी बाबांचे जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, डाव्या कोपराजवळची नस ठणकू लागली आणि करंगळीतले बळ कमी झाले. औषधच बाधले, असे आम्हा सर्वांना वाटले आणि आईने पाकीट फडताळात ठेवून दिले. प्रत्यक्षात ती रिॲक्शन होती: शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडते आणि त्या झटापटीत नसांना इजा होते. अशा वेळी एमडीटी थांबवायचे नसते, ते चालू ठेवून सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचे असते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितकी नस वाचते. सुदैवाने महिन्याची मात्रा दोन दिवसांवर आली होती, म्हणून हे कळले. स्टेरॉइड सुरू करण्याआधी क्षयरोग नाही ना, याची तपासणीही झाली. ‘नस दुखली किंवा बोट वाकले, तर त्याच दिवशी या, गोळ्या बंद करू नका’ एवढा मजकूर मोठ्या अक्षरांत छापायला पाकिटाच्या मागे जागा निश्चितच आहे.

एक दोष पाकिटाचा नाही, परंतु तो सांगितल्याशिवाय हे परीक्षण खरे होणार नाही. हे पाकीट हातात येण्याआधी एका खाजगी डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवरच्या बधिर चट्ट्यांवर सात महिने गजकर्णाचे मलम दिले. न खाजणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा गजकर्ण नसतो, हे आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने, एका भेटीत ओळखले.

घरातल्या आम्हा सर्वांनाही तपासून रिफाम्पिसिनची एकेक मात्रा देण्यात आली. बांगलादेशात झालेल्या मोठ्या चाचणीत अशा एका मात्रेने निकटच्या लोकांमधली नवी लागण पहिल्या दोन वर्षांत निम्म्याहून अधिक कमी झाली होती, हे मला नंतर समजले. ही मात्रा घ्यायला धाकटी वहिनी आधी तयार नव्हती. तिच्या माहेरी कळेल, ही तिची भीती होती. कर्मचाऱ्यांनी ती मात्रा घरी येऊन, गाडी लांब उभी करून दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पाचपैकी किती गुण, असे कुणी विचारल्यास औषधाला पाच आणि पाकिटाला साडेतीन. ज्यांना हे पाकीट नव्याने मिळाले असेल, त्यांनी कॅप्सूल जेवणानंतर घ्याव्यात, त्वचेला रोज पाणी लावून वर खोबरेल तेल चोळावे आणि पाकीट उन्हापासून दूर ठेवावे. बाबांचे बारावे पाकीट संपून आता चौदा महिने झाले आहेत. गालांवरचा काळपटपणा उतरला आहे, नडग्यांवर तो थोडा शिल्लक आहे. करंगळीत पूर्वीइतके बळ नाही, परंतु विळा धरता येतो, आणि यंदा त्यांनी बांधीतली अर्धी रोवणी स्वतः केली.