मेटोप्रोलॉल की बिसोप्रोलॉल, फुफ्फुसाच्या पेशंटला कुठली बरी?

नाशिकमध्ये थंडी पडली की पंचवटी काय नि निफाड काय, सीओपीडीवाल्यांना (फुफ्फुसाच्या वाटा कायमच्या अरुंद झालेल्यांना) धाप जास्त लागते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हार्टसाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारी, हृदयाचा ताण कमी करणारी गोळी) पण चालू असतो. मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल या त्यातल्याच.

दोन्ही गोळ्या मुख्यतः हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरला (पेशीवरची संदेश घेणारी जागा) ब्लॉक करतात, श्वासनळीतल्या बीटा-२ ला, जो ब्लॉक झाला तर श्वासनळी आवळू शकते, कमी हात लावतात, पण रक्तात औषध वाढलं की हा फरक पुसट होतो. आता मेटोप्रोलॉलला लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम तोडतं, आणि ज्यांच्यात जन्मतः जीन्समुळे हे एन्झाइम कामच करत नाही त्यांच्या रक्तात त्याच डोसला औषध कितीतरी पट जास्त साचतं, नाडी फार मंदावू शकते आणि बीटा-२ पण ब्लॉक व्हायची भीती. पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन (डिप्रेशनवरच्या गोळ्या, या एन्झाइमला अडवतात) चालू असेल तर जीन्स नॉर्मल असूनही असंच होतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बिसोप्रोलॉल साधारण निम्मं किडनीतून तसंच बाहेर पडतं, उरलेलं मुख्यतः दुसरं एन्झाइम तोडतं, म्हणून या जीन्सनं फारसा फरक पडत नाही, शिवाय बीटा-१ ला धरून राहण्यात ते सरस. किडनी कमजोर असेल तर मात्र डोस जपून.

मला तरी बिसोप्रोलॉलच पटतं. दमा असेल तर दोन्हींबाबत जास्त सावध, आणि मनानं गोळी बंद करू नका, अचानक थांबवली तर छातीतलं दुखणं उसळू शकतं.