ड्राय सायडर : आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात मेव्हणा इंग्लंडहून आला तेव्हा सायडरच्या, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूच्या, ७५० मिलीच्या दोन बाटल्या घेऊन आला. पहिल्याच घोटाला मी थांबलो. सफरचंदाचा वास भरपूर, पण गोडी जवळपास नाहीच. मागून जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा तुरटपणा. बिअर मला कधी मानवली नाही. ही मात्र मनापासून आवडली, आणि तेव्हापासून मी तशीच सायडर शोधतोय.

छत्रपती संभाजीनगरात हे काम सोपं नाही. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत, पण बिअर शॉपीत सायडर मागितली की, "भाऊ, ते मेडिकलमधी भेटंल." दुकानदाराला ॲपल सायडर व्हिनेगर आठवतं. एके ठिकाणी शेवटी मिळाली. लेबलवर ठळक ‘ड्राय’ लिहिलेलं, आणि आत सरबत! फार वाईट वाटलं.

ड्राय म्हणजे अगोड. रसातली साखर यीस्टने जवळजवळ संपवली की सायडर ड्राय होते. पण बरेच उत्पादक आंबवण झाल्यावर पुन्हा गोडी घालतात. इंग्लंडात ३५ टक्के रस असला तरी सायडर म्हणून विकता येते. फ्रेंच बाटलीवरच्या ‘ब्रूट’ म्हणजे ड्राय या शब्दातही लिटरमागे २८ ग्रॅमपर्यंत साखर बसते. म्हणून त्या एका शब्दावर मी आता विसंबत नाही. घटक वाचतो. साखर किंवा कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) दिसलं की बाटली परत ठेवतो. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशी सफरचंदाची जात छापलेली असेल तर आशा वाटते. ही सफरचंदं खायची नव्हेत, सायडरसाठीच लावलेली. तो तुरटपणा त्यांचाच. आपल्या बाजारातल्या गोड, मऊ सफरचंदांच्या सायडरला तो येत नाही.

अजून एक सवय लागली. थंडगार असताना गोडी लपते, म्हणून नव्या बाटलीतला थोडा भाग पेल्यात तसाच ठेवतो. गारवा गेला, फेस बसला की चाखतो. चार थेंब ताटलीवर वाळवले तर बोटाला चिकटतात का तेही बघतो. चिकटले तर ती पुन्हा घेत नाही.

जेवणासोबत हिची खरी ओळख झाली. जानेवारीत शेतावर हुरडा होता. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर एक घोट, की तोंड लगेच स्वच्छ. नान खलियाबरोबर तर याहून छान, कारण रश्श्यावरचा तेलकट तवंग आंबटपणाने कापला जातो. गोड सायडरने हे होत नाही.

उन्हाळ्यात मात्र जपावं लागतं. मे महिन्यात एक बाटली कपाटातच राहिली, घरात पारा चाळिशीला. उघडली तर उकडलेल्या सफरचंदाची चव. तेव्हापासून सगळ्या फ्रिजमध्ये, आणि प्यायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसावर ठेवत नाही; हवा लागली की ती व्हिनेगरच्याच वाटेला लागते.

किंमत बिअरपेक्षा बरीच जास्त पडते, म्हणून महिन्याला दोनच. पुण्याला कामाला गेलो की तिथून आणतो. मेव्हणा दिवाळीला येणार आहे. त्याला सांगून ठेवलंय, ‘ड्राय’ बघून उचलू नकोस, मागे सफरचंदाची जात लिहिलेली असेल तीच आण.