जिल्हा परिषदेचे हायस्कूल: दुसऱ्या वर्षातला अनुभव आणि प्रयोगशाळेचे कुलूप

पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर नववीतल्या मुलीची विज्ञानाची प्रयोगवही चाळत होतो, तेव्हा ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ या मथळ्यांखालचा सगळा मजकूर फळ्यावरून उतरवलेला असल्याचे तिच्याकडून कळले. शाळेत प्रयोगशाळेची स्वतंत्र खोली आहे, काचेची कपाटे आहेत, कपाटांत साहित्यही आहे. मात्र दाराला कुलूप असते. लिहायला बसण्याचे कारण हेच, म्हणून कुलपाविषयी अधिक लिहीत आहे.

सातवीपर्यंत ती खाजगी शाळेत होती. तेथील फी, बसचे भाडे आणि शाळेतूनच घ्यावा लागणारा गणवेश यांचा भार वर्षागणिक वाढत गेला, तेव्हा आठवीला तिचे नाव तालुक्याच्या जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये घातले. पैसे वाचले, हे पहिले समाधान, आणि ते आजही कमी झालेले नाही. दुसरे समाधान शिक्षकांचे. गणिताचे सर शाळा भरण्यापूर्वी एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतात आणि त्याचा एक रुपयाही घेत नाहीत. आठवीत ही परीक्षा देऊन निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते, आणि खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना तिला बसताच येत नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पालकांनी शाळा निवडताना ही गोष्ट जरूर विचारात घ्यावी.

मुलीचे शाळेतले दिवस एकंदरीत आनंदाचे आहेत. परिपाठ मुलेच चालवतात. बातम्या आणि दिनविशेष वाचता वाचता ती चारचौघांत न अडखळता बोलू लागली आहे. एलिमेंटरी ग्रेड परीक्षेचा सराव चित्रकलेच्या बाई वर्गातच करून घेतात. खटकते ते एवढेच की पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत आठवीची मुले ताट घेऊन बसतात आणि नववीची मुले, ज्यांतली काही लांबच्या वाड्यांवरून सकाळीच निघालेली असतात, डबा नसेल तर तशीच राहतात. हा नियम शाळेचा नाही, हे मान्य. तो बदलायला हवा, हेही तितकेच खरे.

आता कुलूप. दहावीला विज्ञानाच्या प्रत्येक भागाला 40 गुण लेखी परीक्षेचे आणि दोन्ही भाग मिळून 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. उतरवलेल्या प्रयोगवहीवर ते गुण मिळतीलही, पण आम्ल आणि आम्लारी यांतला फरक ज्या मुलीने लिटमसवर कधी पाहिलाच नाही, तिला ते विज्ञान आले असे मी मानत नाही. आरंभी माझा सगळा राग विज्ञानाच्या शिक्षकांवर होता. पालकसभेनंतर त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर त्याची दिशा बदलली. प्रयोगशाळा साहाय्यकाचे पद रिक्त आहे. कपाटातली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेली आहे. काही फुटले तर निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत जबाबदारी ज्याच्याकडे किल्ली त्याची. त्यातच निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम अंगावर. अशा स्थितीत चाळीस मुलांच्या हाती काचेचे साहित्य देण्यापेक्षा दार बंद ठेवणे कोणालाही सोपे वाटेल. राग आता त्या पद्धतीवर आहे, जिच्यात वापरून फुटलेल्या परीक्षानळीचा जाब द्यावा लागतो, पण न वापरता धूळ खात पडलेल्या सूक्ष्मदर्शकाबद्दल कोणी विचारत नाही.

सरकारी हायस्कुलांच्या इतिहासात दार उघडणे आणि आतले शिक्षण हाती येणे या दोन गोष्टी नेहमीच एकत्र आलेल्या नाहीत. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदवले गेले. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, तेही सरकारीच, ते 1907 मध्ये मॅट्रिक झाले. नाव नोंदवहीत होते, तरी संस्कृत शिकू न दिल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. त्या अन्यायाशी एका बंद खोलीची बरोबरी मी करत नाही. परंतु अशी अनेक सरकारी हायस्कुले 1962 नंतर जिल्हा परिषदांच्या हाती आली आणि ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही, त्यांच्यासाठी आज हीच हायस्कुले आहेत. तिथल्या मुलांना फक्त हजेरीपटावरचे नाव मिळून भागणार नाही, हे त्या नोंदवहीने शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

सभेत आम्ही काही पालकांनी लेखी मागणी दिल्यानंतर शनिवारी एक तास प्रयोगशाळा उघडू लागली आहे. साहित्य मांडायला आणि मोजून परत ठेवायला पालकांपैकी एक जण थांबतो. दोनच शनिवारांत मुलीच्या वहीतली भाषा बदलली. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती या वेळी पुस्तकासारखी सुबक नाही, पण तिने पाहिलेली आहे. आठवीच्या वर्गाला मात्र अजून हा तास मिळालेला नाही. दहावीला तिला याच शाळेत ठेवणार आहोत. फुटक्या साहित्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करून पाठवणे आणि रिक्त पदासाठी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देणे, हे दोन विषय पुढच्या सभेसाठी आम्ही मुख्याध्यापकांकडे दिले आहेत.