सोलापुरात रोइंगचा क्लास, बोट नाही तरी साडेचार स्टार

पोरगं सुट्टीत मोबाईल सोडेना म्हणून मे महिन्यात होटगी रोडकडच्या एका रोइंग बॅचला घातलं. पहिल्यांदा ऐकून हसायलाच आलं बघा, इथं नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि हे पोरांना वल्हं मारायला शिकवणार. पण क्लास मशीनवर आहे, म्हणजे सरकत्या सीटवर बसून वल्ह्यासारखी दांडी ओढायची आणि पुढचा पंखा फिरतो, आणि खऱ्या बोटीसाठी पुढं पुणं गाठावं लागेल हे सरांनी फी घ्यायच्या आधीच सांगितलं.

सर आधी आर्मीत होते, पुण्यात सीएमईला, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सराव करायचे, एकट्याची बोट चालवायचे. कमरेनं दगा दिला, आता शाळेत पीटी घेतात आणि सकाळी शाळेआधी ही बॅच. स्वतःच्या मेडलबद्दल एक शब्द नाही. पोरांनी पाण्याचा विषय काढला की रोइंगपटू दत्तू भोकनळचं सांगतात, चांदवडजवळचं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, आर्मीत गेल्यावर वल्हं धरलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा, २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड. मग म्हणतात, "आता बोल बे, पाणी नाही म्हणून."

शिकवणं एक नंबर. आमच्या पोरानं पहिल्याच दिवशी मशीनच्या पंख्याच्या बाजूचा लिव्हर १० वर नेला, सरांनी काही न बोलता ४ वर आणून ठेवला. नंतर समजावलं की १० म्हणजे जास्त ताकद नाही, नुसतं जड ओढणं, कंबर जाते. पहिला आठवडा फक्त पाय, कंबर, हात आणि परत येताना हात, कंबर, पाय, एवढंच. स्क्रीनवर चक्क पेपर चिकटवलेला, आकडे बघायचे नाहीत, शेजारच्याच्या तालात यायचं. मला वाटलं पैसे वाया, पण दुसऱ्या आठवड्यात दोन पोरं शेजारी-शेजारी एका लयीत मागंपुढं जायला लागली तेव्हा मी गाडीवरून उतरून आत जाऊन बघत बसलो.

शेवटी २००० मीटरची टेस्ट. पोरगं पहिल्या ५०० ला सुसाट आणि तिसऱ्या ५०० ला तोंडाला फेस, ९ मिनिटं १२ सेकंद. सरांनी वहीत चारही ५०० चे टाइम वेगवेगळे लिहून दिले, तिसऱ्याखाली रेघ. "शर्यत इथं असते," एवढंच म्हणाले. "सर, तुमचा टाइम किती?" तर हसून विषय बदलला, हे मात्र मला खटकलं, सांगायचं की.

तक्रार म्हणजे अकरा पोरांना मशीन दोनच, त्यामुळं निम्मा वेळ भिंतीला टेकून उभं राहणं नाहीतर उठाबशा. पाणी घरनंच न्यायचं. महिना १५०० म्हणजे त्या मानानं जरा जास्तच.

घालणार असाल तर सहाची बॅचच घ्या, आठपर्यंत पत्रा तापतो आणि मशीनच्या पंख्याचा वारापण गरम येतो.