जर्मनीचा व्हिसा, सांगलीहून: एसएमएसचे पैसे भरू नका

लेकीकडे जर्मनीला जाऊन आलो त्याला आता बरेच महिने झाले. राग निवला की लिहायचं ठरवलं होतं. एका बाबतीत तो अजून निवलेला नाही, तेव्हा लिहूनच टाकतो. कागदांची यादी सगळ्यांना माहीत आहे, ती देत नाही.

आमचं उत्पन्न द्राक्षबागेचं, बेदाण्याचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं रिटर्नवर दाखवण्यासारखा आकडाच नाही. इथला एजंट म्हणाला, "काका, एवढ्यावर रिजेक्टच होणार," आणि लगेच स्वतःची फी सांगितली. त्याला नमस्कार केला. लेकीनं तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आमच्या खर्चाचं हमीपत्र केलं. २९ युरो, तिच्या पगाराची तपासणी आणि मूळ प्रत कुरिअरनं सांगलीला, कारण स्कॅन चालत नाही. हे पत्र सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं, म्हणून फार आधी करून ठेवू नका. सोबत सातबारा, आठ-अ, अडत्याच्या पट्ट्या जोडल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी, हा खर्च वेगळाच.

पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्राची तारीख उन्हाळ्याच्या तोंडावर मिळता मिळेना. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; सुगी आटपायची वाट बघू नका. फी माणशी ९० युरो (जून २०२४ पर्यंत ८० होती), केंद्राचा सेवाआकार वर, आणि नकार आला तरी परत काही नाही. इथल्या स्टुडिओतले फोटो बाजूला ठेवून तिथंच काढायला लावले. तेही सोडा.

आता एसएमएस. काउंटरवर विचारतात, "अर्जाची स्थिती मोबाइलवर हवी का?" त्याचे जादा पैसे. मी भरले, दोघांचे. नियमानं निर्णय पंधरा दिवसांत, अडलं तर पंचेचाळीसपर्यंत. पंधरा उलटून गेले तरी फोन गप्प. मग एक मेसेज: अर्ज मिळाला आहे. अहो, मीच दिलाय ना तो! पुढं कधीतरी दुसरा: तुमच्या अर्जावर निर्णय झाला आहे. काय निर्णय? ते पाकिटात. पाकीट बंद, आणि कुरिअरवाला अजून यायचाय. त्यात जर्मनीनं नकारावर फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केलेली. म्हणजे नकार निघाला तर कोर्टात जा, नाहीतर पुन्हा फी भरून नवा अर्ज करा. अशा वेळी "निर्णय झाला आहे" एवढंच कळवायला पैसे घेणं म्हणजे निकाल लागला सांगायचं आणि पास की नापास ते मार्कशीट आल्यावर बघा म्हणायचं.

इथवर लिहून मी केंद्राला पाचापैकी एकच तारा देणार होतो. पण ही म्हणाली, त्या पोरीचं लिही. खरं आहे. हिची बोटं शेडवर बेदाणा निवडून आणि घरची भांडी घासून झिजलेली. ठसा यंत्रावर उमटेना. मागं रांग, माझी चिडचिड. काउंटरवरच्या मुलीनं ओल्या कागदानं बोटं पुसली, "काकू, हात सैल सोडा" म्हणत एकेक बोट स्वतः धरून टेकवलं आणि चेहऱ्यावर आठी न आणता सगळे ठसे घेतले. तिच्यासाठी तीन तारे. कुरिअरचे पैसेही वसूल झाले, नाहीतर पासपोर्ट आणायला पुन्हा पेठ नाक्यावरून त्या खोदलेल्या हायवेनं पुणं गाठायचं होतं.

पाकिटात व्हिसा निघाला. त्यावर एक गोष्ट नीट बघा. तारखा सहसा मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या असतात, प्रवास पुढंमागं झाला तर सोय म्हणून. राहायचं मात्र दिवसांच्या रकान्यात लिहिलंय तेवढंच. शेवटची तारीख बघून तिकीट काढलं तर विमानतळावर अडकाल. विमाही ३०,००० युरोंचाच लागतो. एजंट मोठा गळ्यात मारतात, साठीपुढं त्याचा हप्ता चांगलाच चढतो.

ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळं पुढच्या वेळी तो त्रास नसावा. ही लेकीच्या बाळंतपणाला पुन्हा जायचं म्हणते. जाऊ. एसएमएस घेणार नाही.